ट्रान्सफॉर्मर्सचे सिनेमे: नाशिककर प्रेक्षक वारंवार विचारतात ते प्रश्न

नाशिकमध्ये आमचं खेळण्यांचं दुकान आहे. ट्रान्सफॉर्मर्सचा नवा सिनेमा लागला की पंधरा दिवस काउंटरवर दुसरा विषय नसतो. मुलांना घेऊन आलेल्या आया, कॉलेज रोडची इंजिनिअरिंगची पोरं, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले फिटर, नातवाचा हात धरून आलेले आजोबा, सगळ्यांची मतं ठाम आणि एकमेकांच्या विरुद्ध. व्हॉट्सअ‍ॅपवरही तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. जिथे माझं स्वतःचं मत आहे तिथे तसं सांगितलं आहे.

१. आधी सिनेमा आला की आधी खेळणं?

खेळणं. जपानच्या टाकारा कंपनीची 'डायक्लोन' आणि 'मायक्रो चेंज' नावाची खेळणी होती. गाडी, विमान, पिस्तूल, कॅसेट प्लेअर असं काहीतरी हातात घ्यायचं, उलगडायचं, की त्यातून रोबो उभा राहायचा. अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने ती घेतली आणि १९८४ साली 'ट्रान्सफॉर्मर्स' या एकाच नावाखाली बाजारात आणली.

तोवर त्यांना गोष्टच नव्हती. ती मार्व्हल कॉमिक्सकडून लिहून घेतली. चांगले ते ऑटोबॉट, वाईट ते डिसेप्टिकॉन, दोघांचा ग्रह सायबरट्रॉन. बॉब बुडियान्स्की या संपादकाने बऱ्याच पात्रांची नावं आणि स्वभाव ठरवले. डिसेप्टिकॉनांचा म्होरक्या मेगाट्रॉन, हे नाव त्याचंच. ऑटोबॉटांचा नेता ऑप्टिमस प्राइम, हे नाव डेनी ओनील यांनी सुचवलं. कॉमिक आणि कार्टून मालिका त्याच वर्षी आली. म्हणजे आधी वस्तू, मग नाव, मग स्वभाव आणि सगळ्यात शेवटी गोष्ट. पुढच्या निम्म्या प्रश्नांचं मूळ या क्रमात आहे.

२. सिनेमे एकूण किती? कुठल्या क्रमाने बघू?

मोठ्या पडद्यावरचे खऱ्या माणसांचे सात: २००७, २००९, २०११, २०१४, २०१७, मग २०१८ चा 'बंबलबी' आणि २०२३ चा 'राइज ऑफ द बीस्ट्स'. पहिले पाच मायकल बे या दिग्दर्शकाचे. याशिवाय दोन अ‍ॅनिमेशनपट, १९८६ चा आणि २०२४ चा 'ट्रान्सफॉर्मर्स वन'.

नव्याने बघणाऱ्याला मी २००७ चा, मग 'बंबलबी', मग २०११ चा सांगतो. 'वन' कधीही बघा, त्याला मागचं काही माहीत असावं लागत नाही. २०१४ आणि २०१७ चे राहिले तरी अडत नाही. घरात लहान मूल असेल तर आधी प्रश्न ७ वाचा.

३. एकाच घरात मुलगा 'भारी' म्हणतो आणि वडील डोकं धरून बाहेर येतात. असं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. बहुतेक वेळा विचारणारे स्वतः वडीलच असतात आणि 'आता आमचं वय झालं' असं म्हणून सोडून देतात. मला ते पटत नाही.

दुकानात मी एक पिवळा बंबलबी काउंटरवर उघडाच ठेवतो. सिनेमा न आवडलेल्या माणसाच्या हातात तो देतो आणि म्हणतो, रोबोची गाडी करून दाखवा. दोन मिनिटं खाली मान घालून तो माणूस त्यात रमतो. पाठीवर पंखासारखी उभी असलेली ती दारं, हे त्याला आधी कळतं. मग छाती म्हणजे बॉनेट, टाचांना लागलेली ती मागची चाकं. शेवटी डोकं आत वळवायचं राहून जातं, बॉनेट नीट बसत नाही, तो पुन्हा उलगडतो, डोकं फिरवतो आणि 'टक्' असा आवाज येतो. त्या आवाजाला प्रत्येकाचा चेहरा उजळतो, साठीच्या माणसाचासुद्धा. कारण कुठला तुकडा कुठे गेला हे त्याला समजलेलं असतं.

आता २००७ च्या सिनेमातला तो गल्लीतला प्रसंग आठवा. रात्र आहे, ट्रक येऊन थांबतो आणि ऑप्टिमस उभा राहतो. कॅमेरा त्याच्याभोवती सावकाश फिरतो. समोरची काच छातीवर येते, चाकं पायांकडे जातात. इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकच्या कारागिरांनी संगणकावर ऑप्टिमसचे १०,१०८ भाग केले होते, आणि या एका प्रसंगात ते डोळ्यांना पुरतात. मी तो थिएटरात पाहिला तेव्हा पॉपकॉर्नच्या पिशव्यांची कुरकुर थांबली होती.

त्याच सिनेमातली शेवटची मारामारी घ्या. कॅमेरा अंगाला चिकटलेला, दृश्य सेकंदभरात बदलतं, दोन्हीकडे करडं लोखंड. कोणाचा हात आणि कोणाचा पाय, पत्ता लागत नाही. मुलाला लागतो, कारण त्याने ते खेळणं शंभरदा हातात फिरवलंय. तुकडे त्याला पाठ आहेत. वडिलांनी फिरवलेलं नाही, म्हणून त्यांच्या वाट्याला नुसता आवाज येतो. डोकं दुखतं ते वयामुळे नाही.

माझं मत सरळ आहे. रूप बदलताना डोळ्यांना माग काढता आला तर तो प्रसंग चांगला, नाही आला तर कितीही पैसा ओतला तरी वाया. पुढच्या उत्तरांत मी याच मापाने मोजलं आहे.

४. आम्ही टूलरूममध्ये काम करतो. एवढ्या गाडीतून एवढा रोबो निघणं शक्य आहे का?

खऱ्या लोखंडात नाही. पण सिनेमावाल्यांनी हा विचार केलेला होता, आणि सातपूरच्या मंडळींना हे सांगितलं की ती खूश होतात.

१९८४ च्या कार्टूनमध्ये भलामोठा मेगाट्रॉन आकसून हातात मावणारं पिस्तूल व्हायचा. २००७ च्या चमूने असं आकसणं-फुगणं टाळलं. गाडीत जेवढा धातू तेवढाच रोबोत. म्हणून मेगाट्रॉनचं पिस्तूल गेलं, तो परग्रहावरचं विमान झाला. म्हणूनच जुना चपट्या तोंडाचा ट्रक सोडून ऑप्टिमसला लांब नाकाचा पीटरबिल्ट ३७९ दिला, कारण ट्रक मोठा तर रोबो उंच.

पुढच्या भागांत ही शिस्त सैल झाली. २०१४ च्या भागात माणसांनी बनवलेले रोबो छोट्या छोट्या ठोकळ्यांचा धुरळा होऊन हवेत उडतात आणि पुन्हा जुळतात. आमचे एक गिऱ्हाईक, तीस वर्षं फिटर, ते पाहून आले आणि म्हणाले, "यात एक बिजागरी दाखवा मला." मला दाखवता आली नाही. धुराला सांधा नसतो, आणि सांधा नसेल तर ते ट्रान्सफॉर्मर कसलं?

५. ओझरला विमानांवर काम करणाऱ्यांना यात बघण्यासारखं काही आहे?

आहे. एचएएलमध्ये मिग आणि सुखोई हाताळलेल्या लोकांनी २००७ चा भाग जरूर बघावा. स्टारस्क्रीम हा डिसेप्टिकॉन त्यात एफ-२२ रॅप्टर आहे (मूळ खेळणं एफ-१५ होतं). अमेरिकी हवाई दलाने सहकार्य केलं होतं, त्यामुळे पडद्यावरची बरीचशी विमानं खरी आहेत. खरं विमान कुठे संपतं आणि संगणकाचं कुठे सुरू होतं हे ओळखण्याचा खेळ तुम्हा मंडळींना आमच्यापेक्षा चांगला जमेल.

६. सगळ्यात वाईट भाग कुठला?

२००९ चा, 'रिव्हेंज ऑफ द फॉलन'. यावर दुकानात जवळजवळ एकमत आहे. नोव्हेंबर २००७ ते फेब्रुवारी २००८ हॉलिवूडमध्ये लेखकांचा संप होता. पटकथा त्या काळात अर्धवट राहिली, आणि दिग्दर्शकानेही पुढे ते मान्य केलं. दोन जुळ्या रोबोंच्या तोंडी कृष्णवर्णीयांची टिंगल वाटावी अशी भाषा घातली, ती तेव्हाही लोकांना खटकली आणि आजही मुलांसोबत बघताना अवघडायला होतं. वर्षातल्या सर्वांत वाईट चित्रपटाला देतात तो रॅझी नावाचा थट्टेचा पुरस्कार त्याला मिळाला. इजिप्तचे पिरॅमिड आणि जॉर्डनमधलं पेट्रा दिसतं, तेवढंच.

७. मुलाला कितव्या वर्षापासून दाखवू?

खऱ्या माणसांचे सातही सिनेमे अमेरिकेत पीजी-१३ आहेत, म्हणजे तेरा वर्षांखालच्या मुलांच्या पालकांनी जपून. 'वन' पीजी आहे, म्हणजे त्याहून सौम्य. माझ्या अनुभवात सात-आठ वर्षांच्या मुलाला 'वन' आणि 'बंबलबी' झेपतात. बे यांचे भाग दहा-अकरानंतर. २०११ च्या भागात शिकागोतली माणसं रोबोच्या माऱ्यात जळून राख होताना दिसतात.

भीतीपेक्षा आवाजाचं बघा. माझ्या भाचीला ती चार वर्षांची असताना आम्ही हट्टाने नेलं. पहिल्याच स्फोटाला तिने दोन्ही कान दाबले आणि माझ्या शर्टात तोंड खुपसलं. मी बाहेर जाऊन आवाज थोडा कमी करा म्हणून विनवलं, कोणी दाद दिली नाही. मध्यंतरात तिला घेऊन घरी आलो. पुढे वर्षभर ती थिएटरच्या पायऱ्यासुद्धा चढेना. चूक माझी होती, नेलं मी होतं. लहान मुलाला घरीच दाखवा, रिमोट हातात ठेवून. थिएटरात न्यायचंच असेल तर मागच्या रांगेतली, दाराजवळची तिकिटं काढा.

लांबीही मोजा. २०१४ चा भाग पावणेतीन तासांचा आहे. 'वन' पावणेदोन तासांच्या आत संपतो.

८. हिंदीत बघू की इंग्रजीत?

आजी-आजोबा आणि लहान मुलं बरोबर असतील तर हिंदीत. वाचण्यात डोळे गुंतले तर रोबो बघायचा राहतो.

पण एकदा तरी इंग्रजीत बघा, पीटर कलेन यांच्यासाठी. १९८४ च्या कार्टूनपासून ऑप्टिमसचा आवाज त्यांचा आहे आणि २००७ मध्ये चाहत्यांच्या आग्रहाखातर तोच ठेवला. कलेन यांनी सांगितलंय की त्यांचा मोठा भाऊ व्हिएतनाममध्ये लढून आलेला मरीन होता. ऑडिशनला निघाले तेव्हा भावाने त्यांना बजावलं की वीर दाखवायचा तर आरडाओरडा करू नकोस. मृदू वागता येईल इतका ताकदवान हो. ऑप्टिमस त्या भावाच्या आवाजात बोलतो. एवढं कळल्यावर त्याचं साधं वाक्यही वेगळं ऐकू येतं. २०२४ च्या 'वन'मध्ये मात्र हा आवाज नाही. तिथे तरुणपणीचा ऑप्टिमस आहे आणि तो क्रिस हेम्सवर्थ यांचा आहे.

९. ऑप्टिमस १९८६ मध्ये मेला ना? मग पुढच्या सिनेमांत कसा?

१९८६ चा अ‍ॅनिमेशनपट आणि २००७ पासूनचे सिनेमे या वेगळ्या गोष्टी आहेत. पात्रं तीच, हकीकत दुसरी.

तो मरणाचा प्रसंग मात्र समजून घेण्यासारखा आहे. कंपनीला जुनी खेळणी काढून त्या वर्षीची नवी मांडायची होती, म्हणून जुन्या पात्रांना सिनेमाच्या पहिल्या भागातच मारलं. मुलं थिएटरात रडली. पत्रांचा ओघ लागला. मालिकेत ऑप्टिमसला १९८७ मध्ये परत आणावं लागलं, आणि त्याच कंपनीच्या जी.आय. जो या सैनिक खेळण्यांवरच्या अ‍ॅनिमेशनपटात मरणार असलेला ड्यूक हा सैनिक ऐनवेळी नुसता बेशुद्ध केला गेला. प्रश्न १ मधला क्रम इथे आठवा. कंपनीच्या लेखी तो जुना माल होता. मुलांच्या लेखी तो कोणीतरी होता. दुकानदार म्हणून मी हा प्रसंग कधी विसरत नाही.

१०. बंबलबी नक्की कुठली गाडी? बीटल की कॅमारो?

दोन्ही. मूळ खेळणं पिवळी फोक्सवॅगन बीटल, २००७ च्या सिनेमात शेव्हरले कॅमारो. सेकंडहँड गाड्यांच्या दुकानात कॅमारोशेजारी एक पिवळी बीटल उभी असते आणि कॅमारो दार आपटून तिला पोचा पाडतो. जुन्या चाहत्यांना उद्देशून ती खूण आहे. २०१८ मध्ये तो पुन्हा बीटल झाला आणि शेवटी कॅमारो.

११. 'बंबलबी' आमच्या घरी सगळ्यांनाच आवडला, अगदी सासूबाईंनाही. यात वेगळं काय आहे?

दिग्दर्शक. ट्रॅव्हिस नाइट हे स्टॉप-मोशनमधून आलेले. बाहुली केसभर सरकवायची, एक चौकट टिपायची, पुन्हा सरकवायची, असं काम वर्षानुवर्षं केलेला माणूस. त्याला प्रत्येक हालचालीचं मोल ठाऊक असतं.

नाशिककरांना हे काम परकं वाटू नये. ज्यांचं स्मारक पांडवलेणीच्या पायथ्याशी आहे त्या दादासाहेब फाळक्यांनी आगकाड्या अशाच एकेक चौकटीला सरकवून नाचवल्या होत्या. निर्जीव वस्तू हलली की माणूस खुर्चीत पुढे सरकतो, हे त्यांना शंभर वर्षांपूर्वी उमगलं होतं.

'बंबलबी'त रोबो कमी, रंग ठळक, आकार साधे. लाल तो लाल, निळा तो निळा. मारामारीत कोण कोणाला मारतंय हे सासूबाईंनाही दिसतं. गोष्ट १९८७ मधली. चार्ली ही वडील गेलेली मुलगी त्यांची जुनी कॉर्वेट दुरुस्त करत असते आणि भंगारातून एक बीटल घरी आणते. गॅरेजमध्ये ती गाडीखाली वाकून पाहते आणि अंधारात एक चेहरा उघडतो. ती घाबरते, आणि तिच्याहून जास्त तो घाबरतो. एवढा मोठा रोबो कोपऱ्यात अंग चोरून बसतो, गुडघे पोटाशी घेऊन. मी दुकानात विचारतो तेव्हा बायकांना हाच प्रसंग आठवतो. बंबलबीचा आवाज गेलेला आहे, तो रेडिओवरच्या तुकड्यांतून बोलतो, तेव्हा भाषेची अडचणही फारशी येत नाही.

१२. समीक्षक नावं ठेवतात तरी हे सिनेमे चालतात कसे?

सगळे चालत नाहीत. २०११ आणि २०१४ च्या भागांनी जगभरात प्रत्येकी १ अब्ज १० कोटी डॉलरच्या वर कमावले. २०१४ च्या भागाला अमेरिकेपेक्षा चीनमध्ये जास्त पैसा मिळाला. पण लोक कंटाळतातही: २०१७ चा भाग ६० कोटींच्या आसपास थांबला.

खरं दुखणं पुढे आहे. 'बंबलबी' सगळ्यांनी नावाजला आणि ४६ कोटींच्या थोडा पुढे गेला. 'वन' मला या सगळ्यांत सर्वांत नेटका लिहिलेला वाटतो. ऑप्टिमस आणि मेगाट्रॉन एकेकाळचे जिवलग मित्र, खाणीत राबणारे, आणि त्यांची ताटातूट कशी झाली त्याची ती गोष्ट. तो १३ कोटींच्या आतच आटोपला. जाहिरातीत तो लहान मुलांचा विनोदी सिनेमा वाटत होता. आमच्याकडचे पालक म्हणाले, 'कार्टूनच आहे, मोबाइलवर येईल तेव्हा बघू.' नंतर ज्यांनी पाहिला ते हळहळले.

१३. थ्रीडीचे जादा पैसे द्यावेत का?

फक्त २०११ च्या भागाला, कुठे पुन्हा लागला तर. त्याचा मोठा भाग खऱ्या थ्रीडी कॅमेऱ्यांनी टिपला आहे. ते कॅमेरे अवजड, आणि थ्रीडीत भराभर दृश्य बदललं तर डोळ्यांना त्रास होतो, म्हणून त्यात दृश्यं जरा जास्त वेळ टिकतात. प्रश्न ३ मधली तक्रार त्यामुळे बरीच कमी होते. शिकागोच्या इमारतींमधून पंखांचे पोशाख घालून झेपावणारी माणसंही खरी आहेत.

१४. जी.आय. जो, बॅटलशिप, बार्बी हे सगळे एकाच जातीचे का?

जी.आय. जो खेळण्यावरून, आणि कंपनीही तीच. 'राइज ऑफ द बीस्ट्स'च्या शेवटी नायकाच्या हातात जे कार्ड येतं ते त्याच जी.आय. जोचं. २०१२ चा 'बॅटलशिप' हॅस्ब्रोच्याच बैठ्या खेळावरून आहे. त्यात रूप बदलणं नाही, म्हणून ट्रान्सफॉर्मर्सच्या अपेक्षेने बघू नका. बार्बी मॅटेलची, आणि तो अ‍ॅक्शनपटच नाही.

१५. सिनेमा बघून आलं की मूल खेळणं मागतं. कुठलं घेऊ?

पाच-सहा वर्षांच्या मुलाला एका झटक्यात बदलणारं घ्या. सिनेमात दिसतो तसाच हवा असेल तर 'स्टुडिओ सिरीज' बघा, पण ते आठच्या पुढच्या मुलांसाठी. घड्या बऱ्याच असतात. स्वस्तातली डुप्लिकेट घेताना खांद्याचा सांधा चार वेळा फिरवून पाहा. पांढरी रेघ उमटली तर प्लॅस्टिक कच्चं आहे, महिन्याभरात तुटेल.

१६. हात निघून आला. आता फेकून द्यायचं का?

थांबा. सांध्याच्या टोकाला गोल गोळी दिसते का? दिसत असेल तर काही तुटलेलं नाही. जोर पडला की मोडण्याऐवजी निसटावा, अशीच ती रचना असते. गोळी खोबणीसमोर धरा, अंगठ्याने सरळ दाबा, वाकडं नको. बसत नसेल तर घेऊन या. मुलालाही आणा, बसवताना त्याला बघू दे.